प्रकल्प नोंदी : ‘ऊस ते गूळ’ अंकाचे फोटो

2 डिसेंबर

विषय पक्का झाला. पत्रकारिता विभागाचा यंदाचा प्रायोगिक अंक ऊसतोड आणि गुऱ्हाळांवर निघणार. कोल्हापुरात राहून गुळावर अंक काढायचा म्हणजे घरचाच विषय. पण वर्गातल्या बावीस जणांपैकी गुऱ्हाळात जाऊन काम पाहिलेले पाचच निघाले, आणि मी त्या पाचांत नाही.

आठ पानं, पान ए-थ्री आकाराचं. पहिलं आणि आठवं रंगीत, आतली सहा काळी-पांढरी. फोटो माझ्याकडे सोपवलेत. हाताशी विभागाचा एक कॅमेरा आहे (24 मेगापिक्सेल, सोबत 18-55 ची लेन्स) आणि बाकीच्यांचे फोन.

मांडणी करणाऱ्या मित्राबरोबर बसून आधी मापं काढली. पान 29.7 सेंमी रुंद. दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंमी समास, पाच कॉलम, दोन कॉलमांत अर्धा सेंमी जागा. एक कॉलम भरतो 4.94 सेंमी. म्हणजे दोन कॉलमी फोटो 10.4, तीन कॉलमी 15.8 आणि चार कॉलमी 21.3 सेंमी रुंद. हे आकडे वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले. फोटो किती कॉलमी जाणार हे डोक्यात असेल तर कॅमेरा उभा धरायचा की आडवा, ते तिथल्या तिथे ठरतं. गेल्या वर्षीच्या अंकात झाडून सगळे फोटो आडवे होते. सगळी पानं सारखीच दिसायची, कुठलं पान उघडलंय ते कळायचं नाही.

4 डिसेंबर

सरांनी जुन्या लग्नपत्रिका आणायला सांगितल्या होत्या. जाड पुठ्ठ्याच्या. त्यातून प्रत्येकानं दोन काटकोनी पट्ट्या कापल्या, सुताराच्या गुण्यासारख्या. त्या एकमेकींवर सरकवल्या की मध्ये लहान-मोठी होणारी चौकट तयार होते. संगणकावर क्रॉपचं बटण आहे, मग हे कशाला, असं दोघा-तिघांनी विचारलं. सर म्हणाले, “पडद्यावर कापलेला भाग लगेच काळा होतो आणि विसरला जातो. पुठ्ठ्याखाली तो आहे हे हाताला कळत राहतं.”

सरावासाठी एकच फोटो, रंकाळ्यावरच्या भेळेच्या गाडीचा, सहा-चार इंची प्रिंट. त्यातून आम्ही बावीस जणांनी किती तऱ्हेच्या चौकटी काढल्या! कुणी फक्त भेळवाल्याचे हात ठेवले, कुणी गाडीवरचा दिवा आणि मागचं पाणी, कुणी द्रोण धरून उभी असलेली आजी. एकाच क्षणातून तीन वेगळ्या बातम्या निघाल्या.

सरांनी दोन सवयी लावून घ्यायला सांगितल्या. पट्ट्या सरकवायच्या आधी हा फोटो काय सांगतो ते एका ओळीत लिहायचं. आणि चौकट ठरली की चारी कडांवरून बोट फिरवायचं. कडेला काय आहे, काय अर्धं कापलंय, काय बाहेर गेलंय, ते मोठ्यानं म्हणायचं. माझ्या चौकटीवरून बोट फिरवलं तर डाव्या कडेला आजीचं मनगट बरोब्बर सांध्यावर कापलेलं सापडलं. मनगट, कोपर, गुडघा, घोटा अशा सांध्यांवर कात्री बसली की तो अवयव तुटल्यासारखा वाटतो. दंडाच्या किंवा मांडीच्या मध्यावर कापलं तर डोळा पुढचं शरीर आपोआप पूर्ण करतो.

7 डिसेंबर

पहाटे पाचला करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर. बाहेर कडाक्याची थंडी, आत काईलीची, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईची, वाफ. आत पाऊल टाकलं आणि लेन्सवर धुकं धरलं. पुसलं, पुन्हा धरलं. असं वीसेक मिनिटं काहीच दिसेना. मग कॅमेरा पिशवीत घालून, चेन लावून, चुलवाणापासून (काईलीखालच्या मोठ्या चुलीपासून) थोड्या अंतरावर ठेवून दिला. काच आतल्या हवेइतकी गरम झाली तेव्हा काम सुरू झालं. पुढच्या वेळी पोचल्या पोचल्या हेच करायचं.

त्या वीस मिनिटांचा फायदाही झाला. कॅमेरा हातात नसल्यामुळे मी नुसती बघत राहिले. जाळ घालणारे दादा चिपाडं मुठीनं नाही, कवेनं ढकलतात आणि प्रत्येक वेळी तोंड डावीकडे फिरवतात, कारण ज्वाळ उजवीकडून येते. रानभेंडीची चेचलेली ताटं रसात फिरली की मळी वर येते आणि ती मोठ्या झाऱ्यानं काढून टाकतात. आणि गुळव्या, म्हणजे गूळ कधी झाला ते ठरवणारा कारागीर. सगळं गुऱ्हाळ त्याच्या तोंडाकडे बघत असतं. आमचे गुळव्या काका साठीच्या पुढचे. उकळता पाक थोडासा गार पाण्यात सोडतात, बोटांत धरून त्याची गोळी वळते का पाहतात. दोन वेळा मान हलवून नाही म्हणाले. तिसऱ्यांदा काही बोलले नाहीत, नुसता हात वर केला. चौघं पुढे आले आणि काईल उतरवली.

गोळीचा फोटो मला तिसऱ्या खेपेला मिळाला. आधीच्या दोन खेपांना मी लांबून सगळं गुऱ्हाळ पकडत होते: छप्पर, वाफ, माणसं, बादल्या. त्यात गोळी तांदळाएवढी दिसत होती. नंतर कापून मोठी करू, असा विचार मनात आला होता. पण 6000 × 4000 पिक्सेलच्या फोटोत ती बोटं जेमतेम 400 पिक्सेल रुंदीत बसत होती. छपाईला इंचाला 200 पिक्सेल धरले तर त्याचा फोटो होतो दोन इंचाचा, एका कॉलमापुरता. म्हणून काकांना विचारून जवळ गेले, उकिडवी बसले. पाकाच्या तारेचं टोक, तर्जनीवरचा जुना भाजल्याचा पांढरा डाग आणि गोळी, एवढंच चौकटीत. यात कापायला काही उरलेलं नाही. पाय उचलून दोन पावलं पुढे गेलं की निम्मं क्रॉपिंग जागेवरच होतं.

9 डिसेंबर

आज होमाई व्यारावाला यांचा जन्मदिवस (1913, नवसारी). मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीचे त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावावर छापले जात. हे मॅडमनी सांगितलं तेव्हा वर्गात शांतता पसरली. 2011 मध्ये पद्मविभूषण मिळालं, त्यानंतर वर्षभरात त्या गेल्या.

त्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यावरही काम करत. त्याची निगेटिव्ह चौरस, सहा बाय सहा सेंमीची. कॅमेरा उभा-आडवा फिरवायची गरजच नाही. उभा की आडवा, हा निर्णय वर्तमानपत्राच्या टेबलावर व्हायचा. आमच्यातली काही जणं फोनवर चौरस फोटो काढतात, त्यांना मी हेच सांगितलं: चौरस काढायचा असेल तर चारी बाजूंना मोकळी जागा सोडा. चौरसात घट्ट बसवलेला माणूस दोन कॉलमी उभ्या जागेत जाताना दोन्ही खांदे गमावतो.

आणखी एक सूचना आज सगळ्यांना दिली. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. काल एका मैत्रिणीनं पाठवलेला चांगला फोटो माझ्याकडे 1600 × 1200 होऊन पोचला. त्यातला निम्मा भाग हवा होता, म्हणजे 800 पिक्सेल. ते दोन कॉलमांनासुद्धा किंचित कमी पडतात. तिच्या फोनमध्ये मूळ फाईल होती म्हणून निभावलं.

12 डिसेंबर

उसाच्या फडावर. बीड जिल्ह्यातून आलेली टोळी, त्यांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) रस्त्याच्या कडेला. आम्ही तिघं होतो: बातमी लिहिणारी मैत्रीण, फोनवर व्हिडिओ घेणारा एक जण आणि मी. मुकादमांनी आधी चौकशी केली, मग म्हणाले, “काढा की फोटो, पण कोयता चालतोय तिथं मधी येऊ नका.”

तोडीचा वेग बघून मी घाबरलेच. खाली वाकून बुडख्यावर एक घाव, वर शेंड्यावर एक, ऊस बाजूला. पाचट पायाखाली करकरत असतं. मोळी बांधायला वेगळा दोर नाही, उसाचंच हिरवं वाढं पिळून बांधतात. बायका मोळ्या डोक्यावर घेऊन लाकडी फळीवरून ट्रॉलीत चढतात. फळी खालीवर होते आणि त्या तिच्या हेलकाव्याबरोबर पाऊल टाकतात.

पावणेआठच्या सुमारास ऊन तिरपं आलं आणि मला हवा होता तो क्षण मिळाला. एक दादा वाकलेले, कोयता हवेत, पात्यावर उजेडाची रेघ, मागे पाचटाची धूळ. सलग नऊ फोटो घेतले. सातव्यात सगळं जमलंय. परत येताना एसटीत पाच वेळा तरी तो फोटो उघडून पाहिला असेल.

13 डिसेंबर

सातवा फोटो दोन कॉलमी उभा कापला. आडव्या 6000 पिक्सेलमधले 2667 ठेवले, म्हणजे निम्म्याहून जास्त फोटो गेला. दादा वाकलेत त्या दिशेला जागा सोडली, कोयता वरच्या तिसऱ्या भागात, डोक्यावर फार आकाश नाही. दोन कॉलमी, 15.6 सेंमी उंच, तिसऱ्या पानावर. मांडणीवाल्या मित्रानं बातमीच्या मजकुराशेजारी बसवला आणि प्रिंट काढली.

प्रिंट घेऊन मैत्रिणीची बातमी वाचायला बसले. तिसऱ्या परिच्छेदात मुकादमांचं सांगणं होतं: आमच्यात एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यावर. एकटा आला तर तो अर्धा कोयता.

शेजारी माझा फोटो. त्यात एकटा पुरुष आणि त्याचा कोयता.

मी मूळ फाईल उघडली. उजव्या कडेला, चौकटीच्या अगदी टोकाला, त्यांची बायको होती. डोक्यावर मोळी, एक पाय फळीवर, चेहरा मोळीच्या सावलीत, थोडीशी अस्पष्ट. काल फोटो घेताना मला ती दिसलीच नव्हती. आज कापताना दिसली होती, आणि ‘कडेला गर्दी होतेय’ म्हणून मी स्वतः तिला बाहेर काढली होती. कडेवरून बोट फिरवलं होतं ते कापून झालेल्या चौकटीच्या. बाहेर टाकलेल्या भागावरून फिरवायचं राहिलं.

खूप वाईट वाटलं. दोघांचं मिळून जे एक माप आहे ते मी मधोमध कापलं होतं, आणि तेही जिथे मजकूर नेमकं तेच समजावून सांगतोय त्याच्या शेजारी.

14 डिसेंबर

सरांना दोन्ही प्रिंट दाखवल्या. ते रागावले नाहीत. त्यांनी जानेवारी 2020 मधल्या दावोसच्या फोटोची गोष्ट सांगितली. हवामान बदलावर काम करणाऱ्या पाच तरुण मुली बर्फात ओळीनं उभ्या होत्या, त्यात ग्रेटा थुनबर्ग. डाव्या टोकाला युगांडाची व्हनेसा नकाटे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं जो फोटो पाठवला त्यात ती नव्हती, उरल्या त्या चार गोऱ्या मुली. तिच्या मागची इमारत लक्ष विचलित करत होती, म्हणून केवळ रचनेसाठी, घाईत कापला, असं संस्थेचं स्पष्टीकरण होतं. नंतर त्यांनी माफी मागितली. तुम्ही नुसता एक फोटो पुसला नाहीत, एक खंड पुसलात, असं नकाटेनं लिहिलं होतं.

ते स्पष्टीकरण खोटं असेल असं मला वाटत नाही. मीही रचनेसाठीच कापलं होतं, आणि माझी चौकट रचना म्हणून खरंच चांगली होती. म्हणूनच हे मला जास्त लागलं. चांगली दिसते म्हणून चौकट निवडली की ती खरी आहे का, हा प्रश्न मागे राहतो.

निर्णय असा: फोटो चार कॉलमी आडवा जाणार, 21.3 सेंमी रुंद, 14.2 उंच. डावीकडची रिकामी सरी आणि वरचं आकाश थोडं कापायचं, उजवी कड हलवायची नाही. त्यासाठी मैत्रिणीच्या बातमीतला पंचवीस कॉलम सेंटिमीटर मजकूर कमी करावा लागला. ती आधी नाराज झाली. तिचं बरोबरच होतं, तीन दिवस राबून लिहिलेली बातमी होती. मग तिनंच कोयत्याचा हिशोब समजावणारं निम्मं वर्णन काढलं आणि म्हणाली, “हे आता फोटोत दिसतंय, मी कशाला परत सांगू?”

ताई, म्हणजे दादांची बायको, अस्पष्ट आहेत ते तसंच राहू द्यायचं. धार वाढवून बघितली तर चेहऱ्याभोवती पांढरी कड येते, खोटी वाटते.

18 डिसेंबर

शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे. रव्यांच्या (गुळाच्या ढेपांच्या) थप्पी, त्यांच्यामधून चालणारे व्यापारी, अडते, हमाल. एक जण रव्याचा कोपरा खरवडून चाखतो, बाकीचे त्याच्या चेहऱ्याकडे बघतात. इथली अडचण पार्श्वभूमीची. खांब, पंखे, ट्यूबलाइटच्या पट्ट्या, फलक. एका हमालकाकांचा पाठीवर रवे घेतलेला फोटो छान आलाय, पण त्यांच्या डोक्यातून लोखंडी खांब उगवल्यासारखा दिसतो.

मांडणीवाल्या मित्रानं दोन मिनिटांत खांब काढून दाखवला. इतका सफाईदार, की मला शोधूनही जागा सापडेना. यावर वर्गात चांगली चर्चा झाली. मॅडमनी केंट स्टेट विद्यापीठाचा दाखला दिला. 4 मे 1970, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात विद्यार्थ्यांवर नॅशनल गार्डनं गोळ्या झाडल्या, चार विद्यार्थी गेले. मृतदेहाशेजारी गुडघ्यावर बसून किंचाळणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीचा फोटो जॉन फायलो या विद्यार्थ्यानंच काढला होता, त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. मूळ फोटोत त्या मुलीच्या डोक्यामागे कुंपणाचा खांब उभा आहे. पुढे काही ठिकाणी तो पुसून फोटो छापला गेला आणि त्यावरून बराच वाद झाला. त्या खांबानं फोटोचं काही बिघडलं नव्हतं. पुसल्यानं मात्र, आणखी काय काय पुसलं असेल, ही शंका कायमची शिल्लक राहिली.

आम्ही लिहून ठेवलं: कड आत घेता येईल, पण चौकटीच्या आतलं काही काढायचं नाही, घालायचं नाही. मी यार्डात परत गेले, एक पाऊल डावीकडे सरकले आणि गुडघे वाकवले. खांब खांद्यामागे गेला. काका म्हणाले, “परत आलीस व्हय? मघाशी काय डोळं मिटलं हुतं काय माझं?”

20 डिसेंबर

आज सगळ्यात अवघड प्रश्न. फडावरच्या फोटोंत एक मुलगी आहे, शाळेच्या वयाची, मोळी बांधताना. चेहरा समोर, डोळ्यांत ऊन, कपाळावर घाम. फोटो म्हणून तो पहिल्या पानाचा आहे. चौघांचं मत तसंच पडलं.

मी नको म्हणाले. तिच्या आईनं मला फोटो काढू दिला हे खरं. पण आईनं हो म्हणताना तिच्यासमोर मी, कॅमेरा आणि मुकादम उभे होते. त्या होकाराच्या जोरावर मुलीचा चेहरा छापावा असं मला वाटेना. कायद्याचंही आहे: बालन्याय कायदा 2015 च्या कलम 74 प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असा फोटो छापता येत नाही.

मग एकानं सुचवलं, हनुवटीखाली कापू, हात आणि मोळी ठेवू. कापून पाहिलं. बघवेना. डोकं उडवलेलं मूल आणि राबणारे हात. ओळख लपली, पण माणूसही गेला. तिला पूर्णच वगळावं तर मुलं फडावर असतात ही गोष्टच अंकातून गायब होते, आणि ती आमच्या डोळ्यांदेखत होती.

शेवटी दोनशे सोळा फोटो पुन्हा चाळले. एकात ती पाठमोरी आहे. दोन वेण्या, लाल रिबन, काखेत वाढ्यांचा भारा, समोर उसाची भिंत तिच्या दुप्पट उंच. रिबनही ओळखीची खूण ठरू शकते, म्हणून हा काळ्या-पांढऱ्या पानावर, पाचव्यावर. फोटोओळीत गावाचं नाव नाही, टोळीचं नाही. उसाची उंची दिसावी म्हणून फोटो उभा, वर भरपूर जागा ठेवून. चेहरा नाही तरी ती एक मुलगी आहे हे बघणाऱ्याला विसरता येत नाही.

23 डिसेंबर

मांडणीचा दिवस. नजरेची दिशा हा आजचा विषय. माणूस पानाबाहेर बघत असेल तर वाचकही बाहेर जातो. म्हणून चेहरे शक्यतो मजकुराकडे वळलेले हवेत.

सहाव्या पानावर गुळव्या काका उजवीकडे बघतायत आणि फोटो उजव्या टोकाला. संध्याकाळी पान पाहिलं तर काका डावीकडे बघत होते. पान छान दिसत होतं. पण काहीतरी खटकत होतं, ते काय हे कळायला वेळ लागला. सदऱ्याचा खिसा उजवीकडे गेला होता. मित्रानं फोटो आरशासारखा उलटा केला होता. काका डावखुरे झाले, खिसा फिरला, तर्जनीवरचा डाग दुसऱ्या हातावर गेला. त्यांच्या घरचा कुणीही क्षणात ओळखेल. फोटो सरळ केला आणि पानाच्या डाव्या बाजूला हलवला. मजकूर उजवीकडे. अर्धा तास जास्त लागला इतकंच.

काईल उतरवतानाच्या फोटोत डाव्या कडेला कुणाचा तरी नुसता हात येतोय, कोपरापासून पुढचा. कापला तर काईल तिघंच उचलतायत असं दिसेल. ठेवला. फोटोओळीत ‘चौघे’ असा शब्द घातला, म्हणजे चौथा कुठाय हे वाचक शोधेल आणि त्याला तो हात सापडेल.

28 डिसेंबर

छापखान्यातून नमुना आला. आतली पानं काळीभोर. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो, ठिपके पसरतात, सावल्या बुजतात. गुऱ्हाळाच्या फोटोंत चुलवाणापाशी बसलेले दादा अंधारात नाहीसेच झाले. पुन्हा कडेचंच झालं, फक्त या वेळी कात्रीनं नाही, शाईनं. सावल्या उजळल्या, सगळ्या फोटोभर सारख्या प्रमाणात. वाफेचा पांढरेपणा थोडा खाली आणला, नाहीतर तिथे कोरा कागद दिसतो. उजेड एवढा वाढवणं चालेल का, यावर मॅडमशी बोलले. त्या म्हणाल्या, तिथे उभं राहून तुला जे दिसलं होतं तेवढं दिसू दे, त्याहून जास्त नको.

नमुन्याची घडी घातली तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. अंक मधोमध आडवा दुमडला जातो. तिसऱ्या पानावरचा फडाचा फोटो पानाच्या मध्यावर होता, घडी थेट ताईंच्या चेहऱ्यावरून जात होती. फोटो सात सेंमी वर सरकवला. मथळा त्याच्याखाली घेतला.

3 जानेवारी

अंक आला. तीनशे प्रती. तिसरं पान उघडून आधी उजव्या कडेवरून बोट फिरवलं. ताई आहेत. अस्पष्ट, पण मोळीसकट, पाय फळीवर.

मूळ फाईली, कापलेल्या फाईली आणि फोटोओळी एकाच फोल्डरमध्ये, तारखेनुसार. मूळ फाईलीच्या नावापुढे ‘मूळ’ असं लिहिलंय. पुढच्या वर्षीच्या मुलांना आम्ही काय वगळलं हेसुद्धा पाहता यावं.

5 जानेवारी

गुऱ्हाळावर अंक दिले. गुळव्या काकांनी स्वतःचा चेहरा बघितलाच नाही. गोळीच्या फोटोवर अंगठा टेकवून म्हणाले, “हिला अजून जरा वेळ पायजे हुता.” फोटो तिसऱ्या गोळीचा आहे असंच मी धरून चालले होते. कॅमेऱ्यातली वेळ तपासली तर तो दुसऱ्या गोळीचा निघाला. फोटोओळीत ‘पाक तयार झाल्याची खूण’ असं छापलंय. पुढच्या अंकात दुरुस्ती द्यायची, सरांना आजच सांगितलं.

फडावर गेलो तर रान मोकळं. पाचट पेटवलेलं, कोप्यांच्या जागी चुलींचे दगड. टोळी पुढच्या गावाला गेली. मुकादमांना फोन लागला. येत्या रविवारी या म्हणाले, पण सकाळी लवकर, नंतर सगळी फडात असतात. दादा-ताईंसाठी दोन प्रती बाजूला काढल्यात. घडी न घालता, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवल्यात.